बॅग भरण्याआधी घराचा हिशेब

(बेंगळुरूमध्ये शिकणाऱ्या आणि काम करणाऱ्या मराठी भाषक आरोग्य-पदवीधरांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे संपादित रूप)



इथे बसलेल्यांपैकी कोणी नर्सिंग केले आहे, कोणी फिजिओथेरपी, कोणी पब्लिक हेल्थ, कोणी लॅब टेक्नॉलॉजी. कोणी लातूर-नांदेडकडून आले, कोणी बीदर-भालकीहून, कोणी बेळगावहून. बहुतेक जण आपापल्या घरातले पहिले पदवीधर आहेत. ही बैठक ठरली तेव्हा तुमच्याकडून जे प्रश्न आले, त्यांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा होता. जिथे युद्ध आहे, साथ आहे, निर्वासितांच्या छावण्या आहेत, अशा देशात जाऊन काही काळ स्वयंसेवक म्हणून आरोग्याचे काम करावेसे वाटते. जावे का? आणि घरी कसे सांगावे?

मी डॉक्टर नाही, समाजशास्त्राचा संशोधक आहे. कोणत्या तापावर कोणते औषध द्यायचे हे मी सांगू शकत नाही. पण "घरी कसे सांगावे" हा प्रश्न माझ्या विषयातला आहे. घर म्हणजे काय, घरात कमावते कोण, कोणाच्या जाण्याने कोणाचे काय थांबते, हे सगळे त्यात येते. जातही येते.

सुरुवात एका माणसापासून करतो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म सोलापूरचा, 10 ऑक्टोबर 1910. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले. 1937 मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सेनानी जू द यांनी नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी 1938 च्या जून अखेरीस देशाला आवाहन केले. जुलैमध्ये चायना डे पाळून सुमारे 22,000 रुपये जमवले गेले, आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. अलाहाबादचे मदनमोहन अटल पथकाचे प्रमुख होते. ते त्याआधी स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आले होते. नागपूरचे मोरेश्वर चोळकर, कलकत्त्याचे विजयकुमार बसू आणि देबेश मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. 1 सप्टेंबर 1938 रोजी हे पाच जण मुंबईहून बोटीने निघाले.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगतो. 1939 च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोचले. कोटणीस चिनी भाषा बोलायला-लिहायला शिकले. आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून 1939 मध्ये रक्तदोषाने गेले होते. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची जबाबदारी 1941 मध्ये कोटणिसांकडे आली. तिथेच शिकवणाऱ्या परिचारिका ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केले. 9 डिसेंबर 1942 रोजी अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा मृत्यू झाला. वय 32. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा होता. 1946 मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर सिनेमा काढला आणि कोटणीस घराघरांत पोचले.

आपल्याला शाळेत ही गोष्ट त्याग म्हणून शिकवली. मला त्यातला वेगळा भाग महत्त्वाचा वाटतो, बोट सुटण्याआधीचा. आवाहन आले तेव्हा कोटणीस पदव्युत्तर शिक्षणाच्या तयारीत होते. ती तयारी बाजूला ठेवायची होती. घरची परवानगी घ्यायची होती. घर श्रीमंत नव्हते, मध्यमवर्गीय होते, आणि शिकलेल्या मुलाकडून ज्या अपेक्षा असतात त्या तिथेही असणारच. परवानगी मिळाली आणि ते गेले. पुढे काही महिन्यांतच, येनानला जाण्याच्या वाटेवर असताना, वडील वारल्याची बातमी त्यांना कळली. परत जा, असे सोबतच्यांनी सुचवले. ते पुढे गेले.

इथे आपण थांबून विचार करायला हवा. वडील गेल्यावर पुढे जाता येणे हे धैर्य आहेच, कोटणिसांचे मोठेपण मला कमी करायचे नाही. पण तुमच्या घरात वडील गेले तर काय होईल? धाकट्या बहिणीची फी कोण भरेल? तुमच्या नावावरच्या शैक्षणिक कर्जाचा हप्ता कोण देईल? आईला दवाखान्यात कोण नेईल, आणि तिथल्या खिडकीवर कोणता कागद कुठे द्यायचा हे तिला कोण सांगेल? पहिल्या पिढीचा पदवीधर घरातला फक्त मुलगा किंवा मुलगी नसतो. तो घराचा कारकून असतो, वकील असतो, बँक असतो. तो निघाला की हे सगळे टेबल रिकामे होते. म्हणून पाऊल अडखळले तर तुम्ही भित्रे आहात असे समजू नका. तुमच्या पाठीवर वजन जास्त आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मुलींसाठी याला आणखी एक पदर आहे. इथे नर्सिंगच्या मुली जास्त आहेत. त्यांना पहिला प्रश्न येतो तो लग्नाचा. दुसरा येतो, "परक्या पुरुषांची शुश्रूषा करायला एवढ्या लांब कशाला?" वॉर्डात रात्रपाळी करताना हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण त्या पाळीचा पगार घरी येतो.

आता कोटणिसांच्या काळातलाच दुसरा प्रसंग. बाबासाहेबांचे "वेटिंग फॉर अ व्हिसा" तुमच्यापैकी काहींनी वाचले असेल. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते अभ्यासाला लावलेले आहे. त्यात काठेवाडमधल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र आहे, 1929 मध्ये "यंग इंडिया"त छापून आलेले. त्याची पत्नी बाळंत झाली आणि काही दिवसांत आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार होईना. नगरशेठची शिफारस आणि दोन रुपये फी, एवढे झाल्यावर तो आला, तेही रुग्णाला वस्तीबाहेर आणायचे या अटीवर. त्याने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. परतही तो त्याच वाटेने आला. दिव्याच्या उजेडात लांबून बघून न्यूमोनिया सांगितला आणि निघून गेला. ती बाई वाचली नाही.

हे पत्र छापल्यानंतर नऊ वर्षांनी पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले. ते चिनी जखमींना हात लावत होते, त्यांच्या रक्तात हात बुडवत होते, हे खरे आणि चांगलेच आहे. पण त्या काळात या देशातल्या हजारो वस्त्या अशा होत्या जिथे डॉक्टर आत पाऊल टाकत नव्हता. आंतरराष्ट्रीय बंधुभावाची गोष्ट सांगताना हे अंतर लपवले की गोष्ट अर्धी राहते. तो अर्धा भाग तुमच्याजवळ आहे. छावणीत एखाद्या बाईला तपासताना तिच्याशी कोण कसे बोलतो, तिला हात कसा लावतो, तिच्या भाषेत कोण विचारतो, हे तुम्हाला चटकन दिसेल. कोणत्याही प्रशिक्षणात हे दिसायला शिकवत नाहीत.

या बाबतीत आपली परंपरा कोटणिसांच्याही आधीची आहे. 1897 मध्ये पुण्यात प्लेग होता. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी शहराबाहेर हडपसरच्या बाजूला रुग्णांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातला एक आजारी मुलगा सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणला असे सांगतात. स्वतःला प्लेग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. ज्या काळात आजारी अस्पृश्याला थर्मामीटरही थेट मिळत नव्हता, त्या काळातली ही पाठ आहे.

पुढच्याच वर्षी, 1898 मध्ये, तो प्लेग आपल्या या बेंगळुरूत आला. दाट पेठांतून लोक हलवण्यासाठी बसवनगुडी आणि मल्लेश्वरम ही नवी उपनगरे आखली गेली. रुंद रस्ते, मोकळी हवा. आणि त्या आखणीत जातीनुसार वेगवेगळे विभाग. रोगाच्या भीतीने शहर नवे बांधले, पण जात जुनीच आत घेतली. आरोग्य आणि जात वेगळ्या खात्यात ठेवता येत नाहीत, हे या शहराच्या नकाशावरच लिहिले आहे.

आता "सेवा" या शब्दाकडे येतो, कारण अर्जात तो तुम्हाला लिहावा लागेल.

मनुस्मृतीने शूद्राला एकच काम दिले, वरच्या तिघांची सेवा. ती मनुस्मृती 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला जाळली गेली. पण शब्द शिल्लक आहे आणि तो दोन प्रकारे वापरला जातो. ज्याच्याकडे पर्याय आहेत त्याने केली की सेवा म्हणजे थोरपण. ज्याच्याकडे पर्याय नाही त्याने केली की सेवा म्हणजे कर्तव्य, आणि कर्तव्याचे पैसे कसले मागता? आशाताईंचे बघा. 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा आल्या. सरकारच्या कागदावर त्या आजही मानद स्वयंसेविका आहेत. म्हणून पगार नाही, मोबदला. कोविडमध्ये दारोदार त्याच फिरल्या. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. तरी किमान वेतनासाठी त्यांना इथल्या फ्रीडम पार्कमध्ये बसावे लागते. आणि पहाटे या शहराचा कचरा उचलणाऱ्या पौरकार्मिक? त्यात बहुसंख्य दलित बाया आहेत. त्या नसतील तर आठवड्याभरात कॉलरा येईल. त्यांच्या कामाला आरोग्यसेवा कोणी म्हणत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की "मला सेवा करायची आहे" या वाक्यावर थांबू नका. मला कोणते काम येते, ते काम कुठे हवे आहे, ते किती काळ करीन, आणि त्या काळात मी काय खाईन, घर काय खाईल, इथपर्यंत जा. स्वयंसेवक म्हणजे फुकट राबणारा असा अर्थ आंतरराष्ट्रीय संस्थाही आता लावत नाहीत. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स ही 1971 मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेली संस्था क्षेत्रावर पाठवलेल्यांना माफक पगार देते, प्रवास, राहणे आणि विमा बघते, आणि साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागते. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवकांना महिन्याचा निर्वाहभत्ता मिळतो. 18 ते 26 वयासाठी आणि 27 च्या पुढच्या अनुभवी लोकांसाठी त्यांचे वेगवेगळे प्रकार आहेत. उलट, तुमच्याकडूनच मोठी फी घेऊन "दोन आठवडे आफ्रिकेत सेवा" विकणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांच्यापासून लांब राहा. तिथे रुग्ण हा फोटोचा विषय असतो आणि तुम्ही गिऱ्हाईक.

आता घराचा हिशेब. इथे पुन्हा बाबासाहेबांकडे जाऊ, कारण पहिल्या पिढीने घर सोडून समुद्रापलीकडे जाणे म्हणजे काय हे त्यांच्याइतके कोणी भोगलेले नाही.

2 फेब्रुवारी 1913 ला रामजी सकपाळ गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती होती, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे. बदल्यात दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार. 1917 मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा ठेवून परतावे लागले, कारण शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. बडोद्यात राहायला घर मिळाले नाही, पारशी धर्मशाळेतून हाकलले गेले. मग दुसऱ्या वेळी त्यांनी काय केले? सिडनहॅम कॉलेजात शिकवून पगारातून पैसे साठवले. शाहू महाराजांची मदत घेतली, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले, आणि 1920 मध्ये लंडन गाठले. पहिल्या वेळी मुदत दुसऱ्याच्या हातात होती, दुसऱ्या वेळी त्यांनी स्वतःची तजवीज करून पाऊल उचलले.

या दोन्ही वेळी मुंबईत मागे रमाबाई होत्या. परळच्या चाळीतला संसार, तुटपुंजा पैसा, आजारपणे. त्यांच्या पाच मुलांपैकी चार मुले गेली. आपण रमाईचा त्याग म्हणून गाणी गातो. मला वाटते, निघणाऱ्या प्रत्येकाने आपल्या घरातली रमाई कोण हे आधी ओळखावे आणि तिला आधी विचारावे. ती आई असेल, वहिनी असेल, शाळा सोडावी लागेल अशी धाकटी बहीण असेल. तिच्या कामाचा वाटा तुमच्या अनुभवाच्या प्रमाणपत्रावर कुठेच लिहिला जाणार नाही.

तर व्यवहाराच्या गोष्टी, एकेक सांगतो.

पहिली, पैसा. निघण्याआधी किमान सहा महिन्यांचा घरखर्च आणि कर्जाचे हप्ते वेगळ्या खात्यात ठेवा. तेवढे जमले नसेल तर एक वर्ष थांबा. जग कुठे जात नाही, दुर्दैवाने आजार आणि युद्धेही नाहीत.

दुसरी, कागद. आईवडिलांचा आरोग्य विमा किंवा सरकारी योजनेचे कार्ड चालू आहे ना, बँक खात्याला नॉमिनी आहे ना, घराचे आणि रेशनचे कागद कुठे आहेत, हे सगळे एका वहीत लिहा आणि घरातल्या दोन माणसांना दाखवा. आईला किंवा बहिणीला बँकेत बरोबर नेऊन एकदा तरी त्यांच्याकडून पैसे काढून घ्या. तुमचे टेबल दुसऱ्या कोणाला तरी चालवता आले पाहिजे.

तिसरी, तुमचे स्वतःचे कागद. दहावी पास असल्याचा पुरावा दिला तर पासपोर्टवर ईसीआरचा शेरा येत नाही. कौन्सिलची नोंदणी चालू ठेवा आणि गुड स्टँडिंग सर्टिफिकेट वेळेत मागवा. सरकारी महाविद्यालयाची बंधपत्रित सेवा बाकी असेल तर ती आधी पूर्ण करा. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या बऱ्याच देशांसाठी पीतज्वराची लस लागते. ती मान्यताप्राप्त केंद्रावरच घ्यायची, आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते. त्याशिवाय अशा देशातून परत आलात तर आपल्याच विमानतळावर तुम्हाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

चौथी, करार. इंग्रजीतला आहे म्हणून न वाचता सही करू नका. जखमी झालात तर उपचार कोण करणार, मृत्यू आला तर घरच्यांना काय मिळणार, मध्येच परतायचे झाले तर तिकीट कोणाचे, तक्रार कोणाकडे करायची, ही चार उत्तरे कागदावर हवीत. मृत्यूबद्दल विचारणे अशुभ नाही. कोटणीस परत आले नाहीत.

पाचवी, घरी सांगणे. "देशाचे नाव होईल" असे सांगू नका. आईला नावाचे काय? किती महिने, किती पैसे, रोज फोन होईल की आठवड्याने, तिथे धोका काय आहे, हे खरे सांगा. आपल्या आईबापांनी आपल्यापेक्षा कठीण हिशेब केलेले आहेत. ऊसतोडीला जाताना, शहरात पहिल्यांदा येताना, कोणते पोर बरोबर न्यायचे आणि कोणते मागे ठेवायचे हे त्यांनी ठरवलेले आहे. त्यांना स्थलांतर समजते. त्यांच्याशी मोठ्या माणसासारखे बोला.

आता शेवटचा आणि सगळ्यात अवघड आक्षेप. तो बाहेरून येत नाही, आपल्याच चळवळीतून येतो. "आपल्या वस्तीत दवाखाना नाही आणि तू परदेशी चाललीस?" 18 मार्च 1956 ला आग्र्याच्या भाषणात बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दल निराशा व्यक्त केली होती. तो बोल आपल्या प्रत्येकाच्या कानात आहे, आणि असायला हवा.

यावर माझ्याकडे दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे, हा प्रश्न कोणाला विचारला जातो ते पाहा. लाखोंचे पॅकेज घेऊन परदेशी स्थायिक होणाऱ्यांना गावाची परतफेड कोणी मागत नाही. आपल्यातल्या नर्सला मात्र निर्वासितांच्या छावणीत जायलाही खुलासा द्यावा लागतो. दुसरी म्हणजे, आपली परंपरा पहिल्यापासून जगाकडे बघणारी आहे. जोतीरावांनी 1873 मध्ये "गुलामगिरी" कोणाला अर्पण केली? गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. बाबासाहेबांनी 1946 मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची चौकशी केली. आपले दुःख जगातल्या दुसऱ्या दुःखाशेजारी ठेवून बघणे हा आपला वारसा आहे.

पण आक्षेपात तथ्यही आहे, आणि त्याचे उत्तर परतल्यावर द्यायचे असते. एक उदाहरण इथलेच. बेंगळुरूमध्ये राष्ट्रीय क्षयरोग संस्था आहे, 1959 पासूनची. देबब्रत बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी शेजारच्या तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत पाहणी करून 1963 मध्ये ती प्रसिद्ध केली. खेड्यातल्या माणसाला क्षयाची लक्षणे कळत नाहीत, तो दवाखान्यात येत नाही, अशी तेव्हा समजूत होती. दिसले असे की निम्म्याहून अधिक रुग्ण आधीच सरकारी दवाखान्यात जाऊन आले होते, आणि खोकल्याची बाटली घेऊन परत पाठवले गेले होते. अडाणी रुग्ण नव्हता, ऐकत नव्हता तो दवाखाना. तुमकूरच्या खेड्यातल्या या गोष्टीचा विचार क्षयरोगाचे कार्यक्रम आखताना पुढे जगभर झाला.

जाल तिथे हे लक्षात ठेवून जा. तिथली माणसे तुमची वाट बघत अडाणी बसलेली नसतात, ती आधीच चार दारे ठोठावून आलेली असतात. आणि परत याल तेव्हा तिथे शिकलेले कौशल्य, मग ते तंबूत बाळंतपण करणे असो की शंभर रुग्णांत आधी कोणाला घ्यायचे हे ठरवणे असो, आपल्या तालुक्याच्या उपकेंद्रात आणा. थर्मामीटर अजून तीन हातांतून जातो अशा जागा आपल्याकडे आहेत. आता तो वेगळ्या रूपात जातो: आडनाव विचारून, पाण्याचा ग्लास वेगळा ठेवून, आरक्षणातून आलेल्या डॉक्टरला टोमणे मारून. डॉ. पायल तडवी 2019 मध्ये आपल्यातून गेल्या, त्याला फार वर्षे झालेली नाहीत.

ज्यांना जायचे आहे त्यांनी जावे. ज्यांचे घर आज सोडत नाही त्यांनी कमीपणा मानू नये, उपकेंद्र हेही क्षेत्रच आहे. अर्ज लिहायला मदत लागली तर पुढच्या रविवारी इथेच बसू. पासपोर्ट, मार्कशीट आणि घरखर्चाची वही घेऊन या. वही विसरू नका.

जय भीम, जय सावित्री.